बुडबुडा सुटतो कधी?

प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या पडद्यावर, सेलला लागणारे व्होल्ट दाखवणारी एक रेघ हळूहळू वर चढायची आणि एकदम खाली पडायची. पुन्हा चढायची, पुन्हा पडायची. करवतीचे दाते काढावेत तशी. माझ्या संशोधनाची तेव्हा नुकती सुरुवात होती. वायर सैल असेल असं वाटून मी सगळ्या क्लिपा काढून परत घट्ट लावल्या, प्लॅटिनमची तार घासून-धुऊन आणली, द्रावण बदललं. दाते जसेच्या तसे. शेवटी शेजारच्या टेबलावर काम करणारे एक सीनियर उठून आले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. टॉर्च काचेच्या भांड्यावर धरला आणि म्हणाले, "रेघ सोड, तारेच्या टोकाकडे बघ."

टोकावर एक बुडबुडा बसला होता. मोहरीच्या निम्म्याहून लहान. तो वाढत होता तशी रेघ चढत होती. तो सुटला, वर गेला आणि त्याच क्षणी रेघ पडली. मग त्याच जागी दुसरा बसला. प्रत्येक दाता म्हणजे एक बुडबुडा होता.

तोवर माझ्या डोक्यात एवढंच होतं की पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन निघतो, तो गोळा करायचा. शाळेच्या पुस्तकातलं चित्रही तेवढंच सांगतं. पण वायू तयार होणं आणि तो इलेक्ट्रोडवरून, म्हणजे द्रावणात वीज सोडणाऱ्या तारेवरून किंवा पत्र्यावरून, निघून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचाही खर्च विजेच्या बिलात येतो. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आधी खर्चाचा हिशेब मांडू, कारण त्याशिवाय एवढ्याशा बुडबुड्यामागे लोक आयुष्यं का घालवतात ते कळायचं नाही.

पाण्याचं विद्युत अपघटन म्हणजे पाण्याचा रेणू विजेने फोडणं. ऋण टोकाला, म्हणजे ऋणाग्रावर, हायड्रोजन निघतो आणि धनाग्रावर ऑक्सिजन. विलियम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी १८०० साली लंडनमध्ये व्होल्टाच्या नव्या बॅटरीच्या तारा पाण्यात बुडवून हे करून दाखवलं. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. १ किलो हायड्रोजनसाठी ९ लीटर पाणी फुटतं आणि सोबत ८ किलो ऑक्सिजन मिळतो. पाणी फुटायला कागदावर किमान १.२३ व्होल्ट लागतात. बाहेरून उष्णता न घेता सगळं काम विजेनेच करायचं तर १.४८ व्होल्ट. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र एका सेलला (दोन इलेक्ट्रोड आणि मधलं द्रावण मिळून एक सेल) १.८ ते २ व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात.

आता एक आकडा लक्षात ठेवा: सेलला लागणारा प्रत्येक व्होल्ट म्हणजे किलोमागे साधारण २६.६ युनिट वीज. १.४८ ला गुणलं की ३९.४ युनिट येतात. याहून कमी विजेत, बाहेरची उष्णता न वापरता, १ किलो हायड्रोजन मिळणार नाही. प्रत्यक्षात संपूर्ण यंत्रणेला ५० ते ५५ युनिट लागतात. म्हणजे कुठेही ०.१ व्होल्ट वाया गेला की किलोमागे २.७ युनिट गेले. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन (म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेवर काढलेला हायड्रोजन) मोहिमेचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं आहे. तेवढ्या उत्पादनात दर सेलमागे ०.१ व्होल्टची गळती धरली तर वर्षाला सुमारे १,३३० कोटी युनिट होतात. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण आणलं. या योजनांच्या बातम्यांत एकरभर पसरलेले सौर पॅनेल दिसतात, पण हायड्रोजनच्या किमतीचा मोठा भाग वीज खाते आणि त्या विजेचा काही भाग मिलीमीटरभरही नसलेल्या एका गोळ्यामुळे वाया जातो. मला या विषयाची ओढ आहे ती यामुळेच.

वायू किती निघतो त्याचाही अंदाज घ्या. १ अँपिअर वीज १ मिनिट सोडली की खोलीच्या तापमानाला साडेसात मिलीलीटर हायड्रोजन मिळतो, म्हणजे दीड चमचा. दर चौरस सेंटिमीटरला ०.४ अँपिअर सोडणारा १ चौरस मीटरचा पत्रा घेतला तर मिनिटाला ३० लीटर होतात. म्हणजे दीड-दोन बादल्या वायू, दर मिनिटाला, एका पत्र्याच्या पाठीवरून, द्रवातून वाट काढत. तो अडणार नाही तर काय होईल?

घरी करून बघायचं असेल तर साहित्य साधं आहे. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या दोन पेन्सिली, दोन वायरी, काचेचा ग्लास आणि चमचाभर खायचा सोडा. मीठ टाकू नका, मिठाने क्लोरीन निघतो. घरातल्या प्लगच्या विजेला हात लावायचा नाही, आणि ग्लास उघडा ठेवायचा, खिडकीजवळ, गॅसच्या शेगडीपासून लांब. पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून पेन्सिली त्यातून उभ्या सोडा आणि वरच्या टोकांना बॅटरी जोडा. ऋण टोकाला जास्त वायू दिसेल. (धन टोकाला ऑक्सिजनबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही असतो, तो सोड्यातून येतो.)

आता मोबाइलचा कॅमेरा पेन्सिलीच्या टोकाजवळ नेऊन पुरेपूर मोठं करून बघा. पाच मिनिटं तरी बघा. बुडबुडे सगळीकडून सारखे निघत नाहीत. काही ठरावीक ठिपके आहेत आणि त्याच ठिपक्यांवरून एकामागून एक, माळ ओवल्यासारखे, बुडबुडे सुटतात. काही जागी बारीक बुडबुडे लगेच निसटतात. काही जागी एखादा बसून राहतो, फुगत जातो, शेजारच्याला गिळतो आणि मग दोघं मिळून एकदम सुटतात. पेन्सिल बोटाने टिचकी मारून हलवलीत तर एकदम ढगच्या ढग वर येतो. म्हणजे इतका वेळ तो सगळा वायू नुसता चिकटून बसला होता. या विषयातले जवळजवळ सगळे प्रश्न त्या ग्लासात आहेत.

पहिला प्रश्न: तो ठरावीक ठिपक्यांवरूनच का निघतो?

इलेक्ट्रोडवर तयार होणारा हायड्रोजन जन्मतः बुडबुडा नसतो. तो एकेक रेणू असतो आणि आधी पाण्यात विरघळतो. पण पाण्यात हायड्रोजन फारसा मावत नाही: नेहमीच्या हवेच्या दाबाला आणि २५ अंशांना १ लीटर पाण्यात जेमतेम १९ मिलीलीटर वायू. त्यामुळे इलेक्ट्रोडलगतचं पाणी पटकन अतिसंपृक्त होतं, मावतो त्याहून कितीतरी जास्त वायू पोटात घेऊन बसतं. तरीही बुडबुडा तयार होत नाही. कारण छोटा बुडबुडा होणं फार अवघड असतं. पाण्याचा पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी आवळत असतो आणि बुडबुडा जितका लहान तितकी आवळ जास्त. १ मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या बुडबुड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण १.४ वातावरण दाब जास्त हवा. त्रिज्या त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी, म्हणजे १० नॅनोमीटर, असेल तर १४० वातावरणांहून जास्त. फुगा फुगवताना पहिली फुंकरच जड जाते, नंतर सोपं होतं, याचा अनुभव सगळ्यांना आहे. बुडबुड्याचं हे त्याहून कितीतरी पटींनी टोकाचं आहे.

अमेरिकेत युटा विद्यापीठात हेन्री व्हाइट यांच्या गटाने काही नॅनोमीटरांच्या प्लॅटिनमच्या चकतीवर एकच बुडबुडा जन्माला घालण्याचे प्रयोग केले. इतक्या लहान चकतीवर सोयीचा खड्डा जवळजवळ नसतोच. तिथे पहिला बुडबुडा उगवायच्या आधी पाण्यातला हायड्रोजन नेहमीच्या मर्यादेच्या सुमारे ३०० पट होऊ शकतो असं दिसलं.

मोठ्या, खडबडीत पृष्ठभागावर मात्र असली परीक्षा द्यावी लागत नाही. तिथे बारीक चरे, खाचा, भेगा असतात आणि त्यात थोडासा वायू आधीच अडकलेला असतो. त्याला नव्याने जन्मावं लागत नाही, फक्त वाढावं लागतं. पातेल्यात पाणी उकळताना बुडबुडे त्याच दोन-चार जागांवरून येतात तेही यामुळेच. एक बुडबुडा सुटला तरी खाचेत त्याचं बी मागे राहतं. म्हणून ती माळ.

इथे एक बारीक हिशेब दडला आहे. अतिसंपृक्त पाणीही फुकट मिळत नाही. इलेक्ट्रोडलगत विरघळलेला हायड्रोजन दहापट वाढला की सुमारे ३० मिलिव्होल्ट जादा द्यावे लागतात. म्हणजे बुडबुडा लवकर जन्मला तर चांगलं, तो हा जादा वायू शोषून घेतो. बुडबुड्याला नुसता खलनायक ठरवणारे लेख मी वाचले आहेत, ते मला अर्धवट वाटतात. तो वाढताना आजूबाजूचा वायू उचलतो आणि सुटताना मागे पाण्याचा ओढा तयार करून ताजं द्रावण इलेक्ट्रोडपाशी आणतो. फुकटचा ढवळणारा चमचाच तो. तोटा आहे तो त्याच्या रेंगाळण्याचा.

रेंगाळल्याने नेमकं काय होतं? बुडबुडा विजेच्या दृष्टीने मृत जागा आहे, वायूतून वीज जात नाही. एक तर तो जिथे टेकला आहे ती जागा कामाला येत नाही, मग उरलेल्या जागेवर जास्त भार पडतो. आणि दोन इलेक्ट्रोडांच्या मधलं द्रावण बुडबुड्यांनी भरलं की विजेला वळसे घेत जावं लागतं. हे दुसरं प्रकरण मोजायचं एक जुनं सूत्र आहे, १९३५ मध्ये ब्रुगेमान यांनी दिलेलं. त्यानुसार द्रावणाच्या आकारमानात ३० टक्के वायू असेल तर वाहकता ३० नव्हे, जवळजवळ ४१ टक्क्यांनी घटते.

पहिल्या प्रकरणात एक मोठा गैरसमज होता. बुडबुडा वरून पाहिला की त्याची जेवढी सावली पडते तेवढा इलेक्ट्रोड वाया गेला असं बरेचदा धरलं जायचं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत कृपा वाराणसी यांच्या गटाने खास रचनेच्या पृष्ठभागांवर हे तपासलं आणि दाखवलं की सावलीखालचा सगळा भाग मरत नाही. जिथे बुडबुड्याचा तळ प्रत्यक्ष टेकलेला असतो तेवढाच भाग बाद होतो. पाटावर चेंडू ठेवला तर त्याची सावली मोठी असते, पण पाटाला स्पर्श एका ठिपक्यापुरता. चेंडूतली हवा कमी झाली की तो बसतो आणि ठिपका पसरतो. म्हणजे बुडबुडा किती मोठा यापेक्षा तो किती *बसला* आहे हे महत्त्वाचं. कारखान्यासाठी पृष्ठभाग घडवणाऱ्या माणसाला या एका गोष्टीने नवी दिशा मिळते: बुडबुडे कमी करण्याच्या मागे लागण्याऐवजी त्यांचे पाय आखूड करा.

पाय आखूड करायचे म्हणजे काय, यासाठी अळूच्या पानाकडे जाऊ. अळवावरचं पाणी टिकत नाही हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय. थेंब पानावर मोत्यासारखा गोल राहतो, टेकतो अगदी कमी, आणि पान जरा कललं की घरंगळून जातो. मग इलेक्ट्रोडही अळूच्या पानासारखा केला तर?

बरोबर उलटं होईल. खात्री करायची तर अळूचं एक पान बादलीत पाण्याखाली दाबून धरा आणि तिरकं बघा. पान हिरवं दिसत नाही, चांदीच्या पत्र्यासारखं चकाकतं. ती चकाकी हवेची आहे. पाण्याला जवळ न येऊ देणारं पान पाण्याखाली हवेचा थर गच्च धरून बसतं. हेच जर इलेक्ट्रोडने हायड्रोजनच्या बाबतीत केलं तर तो वायूचं पांघरूण घेऊन झोपेल आणि वीज थांबेल. आपल्याला हवा आहे तो असा पृष्ठभाग, जो पाण्याखाली बुडबुड्याशी तसा वागेल जसं हवेत अळूचं पान थेंबाशी वागतं. त्यासाठी पाण्याला तो अतिशय जवळचा वाटला पाहिजे, इतका की पाणी बुडबुड्याच्या तळाशी शिरून त्याला उचलून धरेल. पाण्याला अंगाशी धरणाऱ्या माशाच्या खवल्यांचं उदाहरण इथे जास्त लागू पडतं. बीजिंगमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मॉलिब्डेनम सल्फाइडचे नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे उभे करून असा इलेक्ट्रोड बनवला. तोच पदार्थ सपाट असताना बुडबुडे चिकटून मोठे होत होते, पापुद्रे उभे केल्यावर बारीक होऊन लगेच सुटू लागले. रसायन तेच, फक्त पोत बदलला. बुडबुड्याला टेकायला सलग जमीन मिळाली नाही, नुसती टोकं मिळाली.

आता मूळ प्रश्न, सुटण्याचा. साधं उत्तर असं की बुडबुड्याला वर ढकलतं प्लावक बल आणि खाली धरून ठेवतो तळाच्या कडेवरचा पृष्ठताण. बुडबुडा वाढला की प्लावक बल वाढतं, एका क्षणी ते जिंकतं. उकळत्या पाण्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांसाठी फ्रिट्झ यांनी १९३५ मध्येच (ब्रुगेमान यांचंही तेच वर्ष) हा आकार काढायचं सूत्र दिलं. ते बॉयलरच्या अभ्यासात आजही वापरतात. पण विद्युत अपघटनात ते वारंवार चुकतं. सूत्र सांगतं मिलीमीटरभर, प्रत्यक्षात बुडबुडे अनेकदा त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शातच सुटून जातात. कधी उलटंही होतं, सुटायला हवा तो अडून राहतो. म्हणजे ओढाताणीत आणखी कुणीतरी आहे.

त्यातलं एक नाव मॅरंगोनी परिणाम. लहानपणी पाण्यावर कापराची वडी सोडली असेल तर तुम्ही तो पाहिला आहे. कापूर विरघळतो तिथे पृष्ठताण कमी होतो, पलीकडच्या बाजूला जास्त राहतो, आणि वडी जास्त ताणाच्या दिशेने पळते. बुडबुड्याच्या कातडीवरही असंच घडतं. त्याच्या तळाशी, इलेक्ट्रोडजवळ, वीज चिंचोळ्या जागेतून जात असल्याने द्रावण तापतं. तापलेल्या जागी पृष्ठताण कमी. मग बुडबुड्याच्या अंगावरून द्रव तळाकडून वरच्या दिशेने खेचला जातो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बुडबुडा खाली, इलेक्ट्रोडकडे दाबला जातो. जर्मनीत ड्रेस्डेन येथील हेल्महोल्ट्झ संशोधन केंद्रात केसाएवढ्या प्लॅटिनम तारेवर एकेक बुडबुडा बसवून, द्रवात अतिसूक्ष्म कण सोडून, हा प्रवाह मोजला गेला आहे. प्रवाह खरोखरच आहे आणि जोरदार आहे.

त्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. मोठा बुडबुडा तारेवर टेकलेला नसतोच! त्याच्या खाली सूक्ष्म बुडबुड्यांची एक पातळ सतरंजी असते. खरं उत्पादन त्या सतरंजीत चालतं, ते सूक्ष्म बुडबुडे वरच्या मोठ्यात विलीन होत राहतात आणि तो फुगत जातो. या ओढाताणीत बुडबुडा सुटायच्या आधी कधीकधी वरखाली झोके घेतो. थोडा उचलला जातो, परत खाली येतो, पुन्हा उचलला जातो. २०१९ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. म्हणजे माझ्या त्या करवतीच्या दात्यांच्या पोटात आणखी बारीक दाते असणार होते. माझ्या यंत्राला ते टिपता येत नव्हते.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात डेटलेफ लोझे यांच्या गटाने याच्या पुढचं पाऊल टाकलं: एकाऐवजी दोन सूक्ष्म इलेक्ट्रोड शेजारी-शेजारी. दोन्हींवरचे बुडबुडे वाढत वाढत एकमेकांना भेटतात आणि एक होतात. दोन गोळ्यांपेक्षा एका मोठ्या गोळ्याचं पृष्ठफळ कमी, म्हणून थोडी ऊर्जा मोकळी होते, आणि त्या धक्क्याने नवा बुडबुडा उडी मारून सुटतो. एकटा असता तर कितीतरी मोठा होईपर्यंत बसून राहिला असता. ग्लासातल्या पेन्सिलीवर शेजाऱ्याला गिळून एकदम सुटणारा बुडबुडा आठवतो ना? तोच हा. कुठे किती अंतरावर बुडबुडे उगवू द्यायचे हे ठरवता आलं तर त्यांना एकमेकांकडूनच ढकलून घेता येईल.

वर जायचं बलच काढून घेतलं तर काय होईल, हेही करून पाहिलं आहे. ब्रेमेन शहरात १४६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. त्याच्या आतल्या निर्वात नळीत प्रयोगाची कुपी खालून वर उडवतात आणि ती परत खाली येईपर्यंत सुमारे ९.३ सेकंद आत वजनहीनता असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथे प्रकाशाच्या मदतीने हायड्रोजन करणारे इलेक्ट्रोड तपासले गेले. सपाट पृष्ठभागावर वायूचा फेस जागीच साठून राहिला आणि वीज घटली. नॅनोमीटर पातळीवर उंचवटे केलेल्या पृष्ठभागावर बुडबुडे वजनहीन अवस्थेतही सुटत राहिले. अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांचा ऑक्सिजनही मुख्यतः पाणी फोडून मिळतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे श्वासाचा आहे.

कारखान्यात मात्र काचेचं भांडं नसतं, टॉर्च मारून बघता येत नाही. पोलादी चौकटीत शेकडो सेल एकावर एक आवळलेले असतात आणि आत ७० ते ९० अंश तापमानाचं २५-३० टक्के कॉस्टिक पोटॅशचं द्रावण. पंजाबात नांगलला भाक्राच्या विजेवर चालणारा असा प्रचंड इलेक्ट्रोलायझर कारखाना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला होता, खतासाठी लागणारा हायड्रोजन तिथे पाण्यापासून काढत. हरित हायड्रोजन हा शब्द तेव्हा कुणी उच्चारलाही नव्हता. जुन्या रचनांमध्ये दोन इलेक्ट्रोडांमध्ये अंतर ठेवलेलं असे, त्या फटीत बुडबुड्यांचा पडदा तयार होई आणि वीज त्यातून वाट काढत जाई. नंतर जाळीचे इलेक्ट्रोड, दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या मधल्या सच्छिद्र पडद्याला थेट टेकवायची पद्धत आली. वायू जाळीच्या पाठीमागून बाहेर पडतो, विजेच्या वाटेत येत नाही. बुडबुड्यांवरचा हा कारखान्यात सर्वांत जास्त चाललेला उपाय. दाब वाढवणं हा आणखी एक: ३० बार दाबाला तेवढाच वायू तिसाव्या हिश्शाच्या जागेत मावतो.

पण उन्हा-वाऱ्याची वीज लहरी असते. ढग आला की प्रवाह घसरतो, वायू कमी निघतो, आणि विरघळलेला हायड्रोजन मात्र पडद्यातून पलीकडे झिरपत राहतो. ऑक्सिजनमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन झाला की मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून यंत्रणा त्याच्या निम्म्यावरच बंद केली जाते. किती वायू बुडबुड्यात गेला आणि किती पाण्यात विरघळलेला राहिला, हा प्रश्न इथे सुरक्षिततेचा होतो.

बंद सेलच्या आत बघायला न्यूट्रॉन उपयोगी पडतात. टायटॅनियमसारख्या धातूतून ते सहज आरपार जातात, पण पाण्यातला हायड्रोजन त्यांना अडवतो. त्यामुळे चालू सेलचं चित्र काढता येतं, कुठे पाणी आहे आणि कुठे वायू बसला आहे ते उजेड-अंधारासारखं दिसतं. चित्र मात्र ढोबळ येतं, एकेक बुडबुडा दिसत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठातल्या गटाने तर बुडबुडाच नको असं ठरवलं. निरांजनाची वात जशी तेल वर खेचते तसा एक सच्छिद्र पडदा त्यांनी उभा केला. त्याचं खालचं टोक द्रावणात आणि वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोडवर द्रावणाचा अगदी पातळ थर राहतो आणि तयार झालेला वायू त्या थरातून थेट बाहेरच्या वायूत मिसळतो. बुडबुडा जन्मतच नाही. २०२२ मध्ये त्यांनी दिलेले आकडे: ८५ अंशांना, दर चौरस सेंटिमीटरला ०.५ अँपिअरवर, १.५१ व्होल्ट. किलोमागे ४०.४ युनिट. वरचा ३९.४ चा आकडा आठवा, म्हणजे हे त्याच्या किती जवळ आहे ते कळेल. हे आकडे एका लहान सेलचे आहेत, संपूर्ण यंत्रणेचे नाहीत. तरी पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते दोनदा तपासले होते.

आता उरतो तो मधला टप्पा, आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे. ड्रेस्डेन आणि ट्वेंटेला एक किंवा दोन बुडबुड्यांचा स्वभाव कळला. कारखान्यातल्या निकेलच्या जाळीवर एका वेळी लाखो असतात, एकमेकांना ढकलत, गिळत, एकमेकांच्या मागच्या ओढ्यात वाहत. तिथे रेघेवर करवतीचे दाते दिसत नाहीत. हजारो दाते एकमेकांवर चढून नुसती थरथर उरते, जी बघून कुणीही म्हणेल की यंत्रात गडबड आहे. पण त्या थरथरीचं गणिती पृथक्करण केलं की बुडबुडे साधारण किती मोठे होऊन सुटत आहेत आणि किती वेळाने, याचा माग लागतो. कॅमेरा पोहोचत नाही तिथे ही थरथरच काय ती खबर देते.

गेल्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीने निकेल जाळीवरची तासाभराची नोंद आणून दाखवली. रेघ एकदम सरळ, गुळगुळीत. फिल्टर लावून तिने सगळी थरथर काढून टाकली होती, आलेख नीट दिसावा म्हणून. मी तिच्याकडून मूळ फाइल मागून घेतली आणि शेजारी खुर्ची ओढून आम्ही दोघी ती उघडून बसलो.